शेरा

रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
दीड इंच रुंद.
बाकीचे छापून आलेले: नाव, वय, मुलं किती,
धाकटं केवढं, साधन कोणतं, तारीख.
त्या दीड इंचात मी अकरा वर्षं
गोळीबार चौकामागच्या घरांचं
होय-नाही बसवते आहे.

'सासूला विचारून सांगते.' बसतं.
'नवरा सुरतेला.' बसतं.
'तांबी बसवली तेव्हापासून कंबर धरते, पण काढायला
गेलं की सिस्टर ओरडतात' हे
खालच्या ओळीत उतरतं,
आणि खालच्या ओळीत दुसऱ्याच बाईचं नाव असतं.

मे महिन्यात पत्र्याखाली माग खटखटत असतात.
ओढणी ओली करून डोक्यावर घेते
आणि दारात आधी पाणी मागते.
पाणी दिलं की बाई बस म्हणते.
बसलं की बोलते.
प्रशिक्षणात हे नव्हतं.
प्रशिक्षणात चित्रांचा तक्ता होता, त्यातलं कुटुंब
हसणारं, चौघांचं,
एकालाही घाम आलेला नाही.

पुरुषांचं विचारूच नका.
बिनटाक्याची, थोड्या वेळाची, त्याच दिवशी घरी,
सांगून सांगून जीभ झिजली.
'मी मागावर बारा तास उभा राहतो बाई,
मले काई झालं त कोन पाहीन?'
त्याच्या बायकोचं पोट दोनदा फाडलेलं.
ती ओटा पुसत होती.
पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत होती.
शेरा: समुपदेशन केले.

करिश्मा निखारे. तेवीस. मुली दोन, धाकटी सात महिन्यांची.
तिनंच विचारलं, मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला येऊन:
'ताई, ते सुईवालं हाय ना, तीन महिन्याचं?
घरी कोनाले मालूम नाई ना पडत?'
नाही पडत, म्हटलं.
पहिल्या सुईला हात धरला तिचा.
कार्ड तिनं तांदळाच्या डब्यात ठेवलं,
तळाशी.

दुसऱ्या सुईची तारीख आली तेव्हा कपाट रिकामं.
वरून माल नाही. सोमवारी ये.
ती सोमवारी आली, दळणाचा डबा घेऊन.
पुढच्या सोमवारी धाकटीच्या डोसाचं निमित्त.
त्याच्या पुढच्या सोमवारी काहीच नव्हतं हातात,
सुचलं नसावं.
मग बरेच सोमवार गेले.
मग आली ती लघवीची बाटली घेऊन.

पट्टीवर दोन रेघा.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
'तुमचा काय दोष, ताई,' म्हणाली,
आणि माझ्याच पाठीवर हात ठेवला.

पुढचं तिचं तिनं ठरवलं.
काय ठरवलं ते मी इथं लिहिणार नाही.
रजिस्टरातही लिहिलं नाही.

पण संध्याकाळी पान उघडलं.
'साधन सोडले', आणि समोर छापील कारणं:
इच्छा नाही. त्रास होतो. घरचा विरोध. लाभार्थी आली नाही.
चारच.
चारही तिच्याच माथी.

मी लाल पेन घेतला. दीड इंचात लिहिलं:
'लाभार्थी तीनदा आली. आपण नव्हतो.'

डॉक्टर मॅडमनी चष्मा वर केला.
'आपण म्हणजे कोण?'
मी गप्प.
त्यांनी खोडलं नाही. सहीही केली नाही.
बऱ्याच वेळानं भांडारात फोन लावला,
तो लागला नाही, पुन्हा लावला.

आता दर शुक्रवारी मी कपाट उघडून बाटल्या मोजते.
माझं काम नव्हे ते. चावी मागावी लागते,
फार्मसीवाला कुरकुरतो.
बोट ठेवून मोजते, लहान पोरीसारखी.
आज एकोणीस.
एकोणीस बाया, तीन महिने.

विसावी दारात उभी आहे.
हातात दळणाचा डबा.
झाकण हलकं वाजतंय, म्हणजे रिकामाच असावा.